कोविडचा रुग्ण टेबलावर: धोका कुणाला, कुठे आणि किती?

जानेवारी २०२० मध्ये वुहानच्या झोंगनान रुग्णालयात एक रुग्ण पोटाची तक्रार घेऊन आला. पोटाचे दुखणे म्हणजे सर्जरीचा वॉर्ड, या नेहमीच्या हिशेबाने त्याला सर्जरी विभागात खाट मिळाली. पुढे त्याला कोविड निघाला, आणि त्या विभागातल्या दहाहून अधिक कर्मचाऱ्यांना त्याच्यापासूनच लागण झाली असावी, असे तिथल्या डॉक्टरांनी नोंदवले. फेब्रुवारीत ‘जामा’ या अमेरिकन नियतकालिकात त्यांनी आपल्या १३८ रुग्णांची हकिगत छापली. त्या १३८ जणांत ४० जण रुग्णालयाचेच कर्मचारी होते. ती हकिगत वाचून जगभरच्या सर्जनांचे धाबे दणाणले.

पाठोपाठ मार्चमध्ये दुसरी बातमी व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरू लागली. वुहानमध्येच एका रुग्णाच्या पिट्युटरी ग्रंथीची गाठ नाकावाटे दुर्बिणीने काढली होती, आणि त्या एका रुग्णापायी १४ कर्मचारी बाधित झाले होते. फिरता फिरता बातमीचे रूप ‘ऑपरेशनच्या खोलीतले झाडून सगळे बाधित’ असे झाले. सविस्तर तपशील मागाहून आला तेव्हा कळले, की त्या चौदांत ऑपरेशनच्या खोलीत, म्हणजे ओटीत, पाऊलही न ठेवलेले, वॉर्डात काम करणारे कर्मचारी होते. तोवर अनेक देशांतल्या नाक-कान-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणी कपाटात ठेवून दिल्या होत्या.

या दोन्ही घटनांत लागण झाली हे खरे, पण ती झाली कुठे? गेल्या काही वर्षांत जमलेला पुरावा चाळला की पुन्हा पुन्हा तेच दिसते. ज्याला कोविड आहे हे ठाऊक आहे, ज्याच्यासाठी सगळ्यांनी जय्यत तयारी केली आहे, असा टेबलावरचा रुग्ण सर्जरीच्या माणसांना जितका भोवला, त्याहून जास्त भोवला तो वॉर्डातला, निदान न झालेला, खोकणारा रुग्ण. आणि शेजारच्या खुर्चीत मास्क काढून चहा पिणारा सहकारी.

सर्जनची भीती मुळात रक्ताची. सुई टोचली तर हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता, लस घेतली नसेल तर, ३० टक्क्यांपर्यंत जाते. एचआयव्हीची सुमारे ०.३ टक्के. ऐंशीच्या दशकापासून शस्त्रक्रियेची सगळी शिस्त या आकड्यांभोवती उभी राहिली: दुहेरी हातमोजे, सुई हातातून हातात न देता ट्रेमधून देणे, डोळ्यांवर चष्मा. कोविडने ही शिस्त बाजूला ठेवायला लावली नाही, पण तिचा रोखच बदलला. थोड्याच रुग्णांच्या रक्तात विषाणूच्या खुणा सापडल्या. रक्तातून हा आजार पसरतो असे दिसले नाही. धोका श्वासात होता. आणि ओटीत रुग्णाच्या श्वासाच्या सर्वांत जवळ सर्जन नसतो, भूलतज्ज्ञ असतो.

म्हणून सगळ्यांचे लक्ष आधी श्वासनलिकेत नळी घालण्याच्या क्षणाकडे गेले. त्याला आधारही होता. २००३ च्या सार्समध्ये एकूण रुग्णांपैकी सुमारे २१ टक्के आरोग्य कर्मचारी होते. त्या काळातल्या अभ्यासांचा २०१२ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा नळी घालणाऱ्यांत लागणीचे प्रमाण न घालणाऱ्यांच्या साडेसहा पट निघाले. कोविडच्या काळात मग एक आंतरराष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. १७ देशांतल्या ५०३ रुग्णालयांतल्या १,७१८ जणांनी तिच्यात आपण केलेल्या ५,१४८ इंट्यूबेशनच्या, म्हणजे नळी घालण्याच्या, नोंदी केल्या. त्यांतल्या १०.७ टक्के लोकांना पुढे कोविड झाला किंवा लक्षणांमुळे विलगीकरणात वा रुग्णालयात जावे लागले. तपासणीने खात्री झालेले मात्र ३.१ टक्के. दहात एक हा आकडा वर्तमानपत्रांना मोह घालणारा. पण हे डॉक्टर याच काळात वॉर्डातही फिरत होते, लोकलने किंवा गाडीने घरी जात होते. नळीमुळे किती आणि बाकीच्या दिवसामुळे किती, ते या नोंदवहीतून वेगळे काढता येत नाही.

ते वेगळे काढायचा प्रयत्न ब्रिटनमधल्या ब्रिस्टलच्या संशोधकांनी केला, आणि मला या सगळ्या साहित्यात तोच प्रयोग सर्वांत उद्बोधक वाटतो. अतिशुद्ध हवेच्या ऑपरेशन थिएटरात, म्हणजे जिथे हवेत मुळात कण जवळजवळ नसतातच अशा खोलीत, त्यांनी रुग्णाच्या तोंडाजवळ कण मोजणारे यंत्र ठेवले आणि नेहमीच्या शस्त्रक्रियांसाठी भूल देताना काय उडते ते मोजले. नळी घालताना हवेत जे कण आले ते एका मुद्दाम काढलेल्या खोकल्याच्या सुमारे पाचशेव्या हिश्श्याइतके होते. नळी काढताना त्याच्या सुमारे १५ पट, कारण तेव्हा रुग्ण जागा होत असतो आणि खोकतो. तरीही ते खोकल्याच्या ३५ पट कमीच.

कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. स्नायू शिथिल करणारे औषध दिलेला रुग्ण खोकत नाही, बोलत नाही, धापा टाकत नाही. नळीचा फुगा फुगला की त्याचा श्वास बंद नळ्यांतून, फिल्टरमधून जातो. नळी बसल्यानंतर ओटीतला हा रुग्ण श्वासाच्या बाबतीत अख्ख्या रुग्णालयातला सर्वांत निरुपद्रवी माणूस होतो. धोका असतो तो त्याच्या आधी, मास्क लावून ऑक्सिजन देताना धापा टाकणाऱ्या रुग्णाच्या तोंडाशी वाकून उभे राहण्यात. आणि त्याच्या नंतर, तो खोकत खोकत जागा होताना. ब्रिस्टलचे रुग्ण ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांचे, धडधाकट होते हे विसरू नये. ऑक्सिजन साठावर आलेल्या माणसाला घाईघाईने नळी घालणे ही वेगळी गोष्ट.

पूर्ण भूल टाळून कमरेत इंजेक्शन दिले तर? त्यात नळी नाही, म्हणजे धोका नाही, असा सोयीचा समज बऱ्याच ठिकाणी होता. झोंगनान रुग्णालयाच्याच भूलतज्ज्ञांनी याचा हिशेब छापला. स्पायनल भूल दिलेले ४९ कोविड रुग्ण, भूल देणारे ४४ डॉक्टर. पुढे त्यांपैकी पाच जणांना कोविड झाला. आकडा उघडून पाहिला तर आतली गोष्ट दिसते. ४४ पैकी ३७ जणांनी पूर्ण संरक्षक पोशाख घातला होता, त्यांतला एक बाधित झाला. सात जणांनी नेहमीचा गाऊन आणि साधा मास्क एवढ्यावर काम केले, त्यांतले चार बाधित झाले. संख्या लहान आहे, आणि साधा पोशाख वापरणारे बहुधा साथीच्या पहिल्या दिवसांतले, जेव्हा आसपासचे कुणीच सावध नव्हते. तरी ३७ मध्ये एक आणि सातात चार हा फरक डोळ्यांआड करण्याजोगा नाही. जागा असलेला, पोट उघडलेला, घाबरून बोलणारा रुग्ण डोक्याशी बसलेल्या माणसावर तासभर श्वास सोडत असतो. मुंबई महापालिकेचे नायर रुग्णालय एप्रिल २०२० मध्ये कोविडसाठी राखून ठेवले गेले आणि पुढच्या वर्षभरात तिथे हजारावर बाधित मातांची बाळंतपणे झाली. सिझेरियन एरवीही बहुतेक स्पायनलखालीच होते. त्या मातांना मास्क लावायला लावणे हे तिथल्या भूलतज्ज्ञासाठी स्वतःच्या मास्कइतकेच मोलाचे होते.

आता सर्जनांकडे. वुहानमधल्या आठ रुग्णालयांतल्या २६ बाधित अस्थिरोगतज्ज्ञांचा अभ्यास हाडांच्या शस्त्रक्रियेच्या एका नामवंत नियतकालिकात २०२० मध्ये आला. हे सगळे १३ जानेवारी ते ५ फेब्रुवारी या काळात आजारी पडलेले. लागण कुठे झाली असावी असे त्यांना विचारले. ७९.२ टक्के जणांनी सर्वसाधारण वॉर्ड सांगितला, २०.८ टक्के जणांनी रुग्णालयातल्या सार्वजनिक जागा, आणि ऑपरेशनची खोली १२.५ टक्के जणांनी. काहींनी एकाहून जास्त जागा सांगितल्या, म्हणून बेरीज शंभराच्या वर जाते. अस्थिरोग म्हणजे करवत, ड्रिल, हातोडा. हाडाचा भुगा उडवणारी शाखा. तिथेही ओटी वॉर्डाच्या कितीतरी मागे. याच अभ्यासात दोन गोष्टींनी धोका वाढलेला दिसला: एन-९५ न वापरणे आणि कमालीचा थकवा. पहिल्याबद्दल पुढे दोन-तीन वर्षे लोक तावातावाने भांडले. दुसऱ्याबद्दल फारसे कुणी बोललेच नाही. सलग छत्तीस तास काम करणारा निवासी डॉक्टर पोशाख उतरवताना चुकणार, डोळा चोळणार, मास्क गळ्यात ओढून भिंतीला टेकणार. याला अभ्यासाचीही गरज नाही.

ब्रिटनमधल्या आकड्यांची दिशाही हीच. एप्रिल २०२० मध्ये तिथल्या आरोग्यसेवेतल्या ११९ मृत्यूंची छाननी झाली. मृतांत परिचारिका होत्या, डॉक्टर होते, मदतनीस होते, पण एकही भूलतज्ज्ञ किंवा अतिदक्षता तज्ज्ञ सापडला नाही. ज्ञात असलेल्यांपैकी सुमारे ६३ टक्के मृत कृष्णवर्णीय, आशियाई वा इतर अल्पसंख्याक समाजातले होते. पहिल्या लाटेनंतर बर्मिंगहॅमच्या रुग्णालयांत कर्मचाऱ्यांच्या रक्तातली प्रतिपिंडे तपासली तेव्हा सर्वाधिक प्रमाण सफाई कर्मचाऱ्यांत निघाले, ३४.५ टक्के. तातडीच्या मेडिसिन विभागात ३३.३. अतिदक्षता विभागात १४.८ आणि सर्जरीत १३. ऑक्सफर्डमध्येही सफाई कामगार आणि रुग्णांच्या ट्रॉल्या ढकलणारे पोर्टर वरच्या बाजूला होते.

या आकड्यांवर एक रास्त आक्षेप घेता येतो. भूलतज्ज्ञ वाचले ते धोका नव्हता म्हणून, की धोका ओळखून चांगला मास्क त्यांनाच आधी मिळाला म्हणून? ब्रिस्टलचा प्रयोग पहिल्या बाजूने बोलतो, झोंगनानचे सात विरुद्ध सदतीस दुसऱ्या. माझे मत असे, की दोन्ही कारणे खरी आहेत, पण धोरण आखणाऱ्यांनी फक्त दुसरे ऐकले. ‘एरोसोल उडवणाऱ्या प्रक्रिया’ अशी एक यादी तयार झाली, यादीतल्यांना एन-९५ आणि बाकीच्यांना साधा तीनपदरी मास्क असा व्यवहार झाला. खोकला त्या यादीत नव्हता. ज्या मावशी वॉर्डात खोकणाऱ्या रुग्णाचे भांडे काढत होत्या त्यांना यादीत जागा नव्हती.

मुंबई सेंट्रल परिसरातल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात एप्रिल २०२० च्या पहिल्या आठवड्यात २६ परिचारिका आणि तीन डॉक्टर बाधित निघाले आणि महापालिकेने ते रुग्णालय बंद केले. सव्वीस आणि तीन. रुग्णाजवळ आठ तास कोण असते आणि आठ मिनिटे कोण, हे त्या दोन आकड्यांत आहे.

पोटाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांबद्दलचा, म्हणजे लॅप्रोस्कोपीबद्दलचा, गोंधळ थोडक्यात सांगण्यासारखा. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून छिद्रांतून काम करायचे, आत विजेच्या उपकरणाने जाळायचे, मग तो वायू धुरासकट बाहेर सोडायचा. लॅप्रोस्कोपीच्या धुरात हिपॅटायटिस बी विषाणूचे अंश सापडल्याचे कोरियातल्या एका अभ्यासाने आधीच दाखवले होते. त्यामुळे मार्च २०२० मध्ये ब्रिटनच्या सर्जन संघटनांनी लॅप्रोस्कोपी शक्यतो टाळा असे सांगितले. इटलीतल्या एका रुग्णाच्या पोटातल्या द्रवात विषाणू सापडला, इतर अनेकांच्या पोटात सापडला नाही. धुरातून कोविड झाल्याचे खात्रीचे उदाहरण पुढे आले नाही. सल्ला हळूहळू सैल झाला आणि वायू फिल्टरमधून बाहेर काढा, छिद्रे लहान ठेवा, एवढ्यावर थांबला. दरम्यान काही ऑपरेशने विनाकारण पोट फाडून झाली. एक गोष्ट बरी झाली. धूर ओढून घेणारे यंत्र ही चैन आहे, असे म्हणणाऱ्या रुग्णालयांनीही ते आणले. तो धूर एरवीही फुप्फुसाला बाधकच असतो.

नाक, घसा, जबडा इथले काम मात्र खरोखर जोखमीचे. विषाणूचे आगरच तिथे. दुसऱ्या लाटेनंतर, २०२१ च्या उन्हाळ्यात, महाराष्ट्रातल्या नाक-कान-घसा, दंत आणि नेत्र शल्यचिकित्सकांवर म्युकरमायकोसिसचे, म्हणजे काळ्या बुरशीचे, संकट कोसळले. रुग्णसंख्येत महाराष्ट्र आणि गुजरात देशात सर्वांत पुढे होते. सायनसमधला कुजलेला काळा भाग खरवडून काढायचा, कधी वरचा जबडा, कधी डोळा काढायचा. रुग्ण कोविडमधून नुकता उठलेला, कधी अजून पॉझिटिव्हच. बुरशी श्वासातून माणसाकडून माणसाकडे जात नाही, पण तिच्यासोबत कोविड असू शकतो. एका रुग्णावर दोन-दोन, तीन-तीन वेळा हे काम. तोवर बहुतेक डॉक्टरांना लशीचे दोन डोस मिळाले होते, हे नशीबच म्हणायचे. हीच लाट सहा महिने आधी आली असती तर काय झाले असते, याचा विचार नको वाटतो.

गळ्याला छिद्र पाडून श्वासाची नळी बसवण्याच्या शस्त्रक्रियेचीही पहिल्या दिवसांत अशीच दहशत होती. स्पेन आणि ब्रिटनमध्ये त्या मोठ्या संख्येने झाल्या. फुप्फुसांत हवा भरणे काही क्षण थांबवून छेद घेण्याची पद्धत बसली आणि करणाऱ्यांत लागण अपवादानेच आढळली.

आता हवा. माझ्या मते या सगळ्या प्रश्नातली सर्वांत दुर्लक्षित बाजू हीच. ऑपरेशन थिएटरची हवा तासाला किमान २० वेळा बदलावी, त्यातली काही ताजी बाहेरची असावी आणि आतला दाब बाहेरपेक्षा थोडा जास्त असावा, असा दंडक आहे. दाब जास्त ठेवायचा तो रुग्णाच्या जखमेत बाहेरची धूळ येऊ नये म्हणून. कोविडमध्ये त्याचा उलटा त्रास. दार उघडले की आतली हवा कॉरिडॉरमध्ये ढकलली जाणार. काही मोठ्या रुग्णालयांनी एखादे थिएटर उणे दाबाचे करून घेतले, काहींनी दारे बंद ठेवून कामकाज चालवले. पण दाबापेक्षा हवाबदल अधिक महत्त्वाचा. हवा नीट मिसळते असे धरले तर तासाला २० वेळा बदलणाऱ्या खोलीतून ९९ टक्के कण १४ मिनिटांत जातात. सहा वेळा बदलली तर ४६ मिनिटे. दोनच वेळा बदलली तर सव्वादोन तासांहून जास्त.

आपल्याकडे तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या गावी बाळंतपणे, अपेंडिक्स, हर्निया, मोडलेली हाडे यांचा मोठा भार दहा-वीस खाटांच्या नर्सिंग होमवर असतो. त्यांतल्या अनेकांची ओटी म्हणजे टाइल्स लावलेली एक खोली आणि भिंतीवर स्प्लिट एसी. स्प्लिट एसी थंड करतो, हवा बदलत नाही. तीच हवा गार करून पुन्हा खोलीत सोडतो. रात्री दोन वाजता अडलेली बाई येते. कोविडच्या तपासणीचा निकाल उद्या येणार. दार घट्ट लावून, एसी चालू ठेवून, पाच-सहा माणसे तासभर त्या खोलीत उभी. या खोलीत सर्जनने किती भारी संरक्षक किट घातले आहे यापेक्षा एक खिडकी आणि एक बाहेर फेकणारा पंखा जास्त कामाचा. काही ठिकाणी एसी बंद ठेवून काम केले गेले. मग किटमधला घाम थेट चष्म्यावर, धुके साचलेल्या काचेतून टाके, आणि ‘सिस्टर, आर्टरी’ हे तीन वेळा ओरडून सांगणे. त्यातून सुई टोचण्याचा जुना धोका वाढतो. एक धोका टाळायला दुसरा अंगावर घेतला जातो, याची नोंद कुठल्याच परिपत्रकात दिसत नाही.

किटबद्दल थोडे. मार्च २०२० मध्ये देशात काही ठिकाणी डॉक्टरांनी रेनकोट घालून काम केले. मे महिन्यापर्यंत भारतात दिवसाला साडेचार लाखांपर्यंत किट तयार होऊ लागले. ही कामगिरी मोठीच. पण किट घालण्यापेक्षा ते उतरवणे कठीण. बाहेरची बाजू दूषित धरायची. आधी वरचे हातमोजे, मग हात निर्जंतुक, मग गाऊन आतून बाहेर गुंडाळत पायाकडे न्यायचा, पुन्हा हात, मग चष्मा मागच्या पट्ट्याला धरून, आणि मास्क सर्वांत शेवटी, खोलीबाहेर आल्यावर, पुढच्या भागाला स्पर्श न करता. चार तास घामात उभे राहिलेल्या माणसाला आधी मास्कच ओढून फेकावासा वाटतो. म्हणून चांगल्या रुग्णालयांनी उतरवणाऱ्यासमोर एक पाहणारा माणूस ठेवला, जो प्रत्येक पायरी मोठ्याने सांगेल. खर्च शून्य, उपयोग मोठा. झडप असलेले एन-९५ ओटीत आणखी एका कारणाने नकोसे होते. झडपेतून सर्जनचा स्वतःचा उच्छ्वास न गाळता जखमेवर जातो. सर्जन बाधित असेल तर धोका उलट्या दिशेने, रुग्णाला.

भीतीपोटी काही तोडगे निघाले तेही या इतिहासात नोंदवायला हवेत. तैवानच्या एका डॉक्टरांनी रुग्णाच्या डोक्यावर ठेवायची पारदर्शक पेटी काढली आणि महिन्याभरात आपल्याकडेही ठिकठिकाणी अ‍ॅक्रिलिकच्या पेट्या दिसू लागल्या. अनेक दात्यांनी त्या रुग्णालयांना भेटही दिल्या. पुढे तपासणीत दिसले की पेटीमुळे नळी घालायला वेळ जास्त लागतो, तिच्या भोकांच्या कडांना किट फाटते, आणि हात घालायच्या त्या भोकांतून कण थेट डॉक्टरच्या तोंडावर येऊ शकतात. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, अशा पेट्यांची आणीबाणीची परवानगी मागे घेतली. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचेही तसेच. मार्च २०२० मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) कृती दलाने आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रतिबंधक म्हणून ते सुचवले, अनेकांनी आठवड्याला गोळी घेतली. नंतरच्या चाचण्यांत प्रतिबंधाचा फायदा दिसला नाही.

एन-९५ आणि साधा मास्क यांची तुलना करणारी एक चाचणी २०२२ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. कॅनडा, इस्रायल, पाकिस्तान आणि इजिप्तमधले १,००९ कर्मचारी. साध्या मास्कच्या गटात १०.४६ टक्के बाधित, एन-९५ च्या गटात ९.२७. काहींनी लगेच ‘फरक नाही’ असा निकाल दिला. तो घाईचा होता. चाचणीची अनिश्चितता इतकी रुंद होती की बराच मोठा फायदाही त्यात मावतो. शिवाय हे लोक घरी, बाजारात, जेवणाच्या खोलीतही बाधित होत होते. मास्क नाकावर घट्ट बसतो की नाही याची तपासणी आपल्याकडे क्वचितच होते, आणि न बसलेला एन-९५ हा महागडा साधा मास्कच.

शस्त्रक्रिया करावी की पुढे ढकलावी, हा निर्णय कर्मचाऱ्यांच्या आणि रुग्णाच्या हिताची गाठ घालतो. २०२० च्या मे महिन्यात ‘लॅन्सेट’मध्ये २४ देशांतल्या २३५ रुग्णालयांचे आकडे आले: शस्त्रक्रियेच्या आसपास कोविड झालेल्या १,१२८ रुग्णांपैकी २३.८ टक्के तीस दिवसांत दगावले. म्हणजे बाधित रुग्णाचे ऑपरेशन टाळणे हे आधी त्याच्याच भल्याचे होते. म्हणून ठरवून करायच्या शस्त्रक्रिया जगभर थांबल्या. साथीच्या टोकाच्या बारा आठवड्यांत सुमारे २ कोटी ८४ लाख शस्त्रक्रिया रद्द होतील, असा अंदाज होता. पण कॅन्सर थांबत नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या काळात ४९४ मोठ्या नियोजित शस्त्रक्रिया केल्या. शस्त्रक्रियेनंतर एकही मृत्यू नाही. सहा रुग्ण नंतर पॉझिटिव्ह निघाले आणि सहाही बरे झाले. देशभर नियोजित शस्त्रक्रिया थांबलेल्या असताना हे काम झाले, आणि साथीतही शिस्तीने ओटी चालवता येते हे त्याने दाखवून दिले. पुढे ५५ देशांतल्या ९,१७१ कॅन्सर रुग्णांच्या अभ्यासात कोविडमुक्त मार्ग वेगळा ठेवलेल्या रुग्णालयांत फुप्फुसाची गुंतागुंत २.२ टक्के आणि न ठेवलेल्यांत ४.९ टक्के निघाली. वेगळा दरवाजा, वेगळे कर्मचारी, वेगळा वॉर्ड. रुग्णाला जे तारते तेच कर्मचाऱ्यालाही.

मग १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले, आणि पहिला मान आरोग्य कर्मचाऱ्यांचा होता. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने दुसऱ्या लाटेत आपल्या दहा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचा हिशेब ठेवला. दोन डोस घेतलेल्यांत लागण ६५ टक्के कमी, रुग्णालयात दाखल होणे ७७ टक्के कमी, अतिदक्षता विभागाची गरज ९४ टक्के कमी. त्या काळात त्यांचा एक कर्मचारी दगावला, त्याने लस घेतलेली नव्हती. कुठल्याही पेटीने, किटने वा गोळीने असा फरक पाडला नव्हता. त्यानंतर प्रश्नाची धार बोथट होत गेली. लक्षणे नसलेल्या प्रत्येक रुग्णाची शस्त्रक्रियेआधी तपासणी करण्याची गरज नाही, असे अमेरिकेतल्या रुग्णालय-संसर्गतज्ज्ञांच्या संघटनेने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितले. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचे जाहीर केले.

आपल्या हिशेबाचे काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार मे २०२१ पर्यंत जगात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य कर्मचारी कोविडने दगावले असावेत. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यसभेत केंद्राने सांगितले, की आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने दगावलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांची माहिती केंद्राच्या पातळीवर ठेवली जात नाही. चिडलेल्या इंडियन मेडिकल असोसिएशनने दुसऱ्याच दिवशी दगावलेल्या ३८२ डॉक्टरांची यादी जाहीर केली. ती डॉक्टरांची होती. ओटी सिस्टर, टेक्निशियन, ऑपरेशननंतर फरशीवरचे रक्त पुसणाऱ्या मावशी, ट्रॉली ढकलणारे मामा त्या यादीत असण्याचे कारणच नव्हते. बर्मिंगहॅमचा आकडा मात्र सांगतो की शोध त्यांच्यापासूनच सुरू व्हायला हवा.

ओटीचे रजिस्टर प्रत्येक रुग्णालयात असते. कुठल्या तारखेला कुणाचे ऑपरेशन झाले, सर्जन कोण, भूल कुणी दिली, सिस्टर कोण होती, हे त्यात लिहिलेले असते. ड्युटीच्या याद्या आणि आजारपणाच्या रजा आस्थापना विभागाकडे असतात. महापालिकांच्या आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांनी २०२० आणि २०२१ ची ही कागदपत्रे शेजारी ठेवून, नावे वगळून, हिशेब प्रसिद्ध करावा. जुनी रजिस्टरे रद्दीत जाण्याआधी तो करावा.